पहिल्या तुकडीचा गैबी नालबंद

कोल्हापूरच्या स्टेशनावर उतरून आकाराम चौगुले टांग्यात बसला, तेव्हा त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात दरबारचा हुकूम होता आणि तोंड असं उतरलेलं होतं, की टांगेवाल्यानं विचारलं, "पावणं, मयतीला आलाय व्हय?" खरं म्हणजे माणूस बढतीवर आला होता. इंग्रजी मुलखात दहा-अकरा वर्षं गुरांचा डॉक्टर म्हणून गावोगावची धूळ खाल्ल्यावर त्याला आपल्याच संस्थानात, गुरांच्या दवाखान्याचा मुख्य डॉक्टर म्हणून बोलावलं होतं. दुसरा कोणी असता तर पेढे वाटत आला असता. पण ज्या खुर्चीवर बसायचं, तिच्यावर गेली बारा वर्षं गैबी नालबंद बसत होता, आणि गैबी हा आकारामचा जिवाभावाचा मित्र होता.

गैबीला खुर्चीवरून का उठवायचं, ते ऐकण्यासारखं आहे. साल १९१२. छत्रपतींना गादीवर येऊन अठरा वर्षं झाली होती. संस्थानात नव्या शाळा, नवी बोर्डिंगं, नवे कायदे निघत होते, तसा एक जाहीरनामा गुरांच्या डॉक्टरांबद्दलही निघाला. झाडपाला विकणारे, तापल्या सळईचे डाग देणारे, अंगारा लावणारे असे सगळेच स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायला लागले होते. तेव्हा दरबारनं ठरवलं, की यापुढं जनावराच्या आजाराचा, मरणाचा आणि विक्रीचा दाखला मान्य कॉलेजच्या पदवीवाल्यानंच सही करून द्यायचा. गोष्ट चांगली होती. जाहीरनाम्याच्या शेवटी मान्य कॉलेजांची यादी होती. त्यात भीमेपलीकडच्या एका छोट्या संस्थानातल्या त्या कॉलेजचंही नाव होतं, जिथं आकाराम आणि गैबी दोघं शिकले. नावापुढं लिहिलं होतं, 'सन १९०१ व त्यापुढे दिलेल्या पदव्या.'

गैबी पास झाला १८९९ साली. कॉलेजच्या पहिल्या तुकडीत, पहिल्या नंबरानं. आकारामही त्याच तुकडीतला, पण तो त्या साली नापास झाला, १९०० साली पुन्हा नापास झाला आणि १९०१ साली कसाबसा पार पडला. म्हणून आता आकारामची पदवी कायद्यानं खरी आणि गैबीची म्हणजे नुसता कागद. कुणी हे वाकड्या बुद्धीनं केलं होतं असंही नाही. १९०१ साली कॉलेजला चिरफाडीची नवी खोली मिळाली, अभ्यासक्रम वाढला, तिथून पुढचं धरावं असं कुठल्यातरी कचेरीत ठरलं, एवढंच. तिथं बसलेल्या माणसाला गैबी ठाऊक नव्हता.

टांगा दवाखान्यापुढं थांबला. पंचगंगेकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कौलारू पडवी, पुढं लिंबाचं झाड आणि झाडाखाली गुडघे टेकून बसलेला गैबी. एका म्हशीचा जबडा त्यानं डाव्या हातानं फाकून धरला होता आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला होता. आकारामला पाहून त्यानं हात काढला, लाळेनं बरबटलेला तसाच वर केला आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतील अशा आवाजात ओरडला, "आक्या! नापास्या! आलास व्हय रं!"

दवाखान्याचा म्हातारा कंपाउंडर गुंडू नव्या साहेबासाठी हार घेऊन उभा होता. साहेबाचं हे नाव ऐकून त्याचा हार हातातच राहिला.

"बस की लेका खुर्चीवर," गैबी आत येत म्हणाला, "खुर्ची काय चावत न्हाई. सकाळीच पुसून घेतलीया."

आकाराम बसला. गैबीनं हात धुतले आणि बाजूच्या बाकावर बसला. बारा वर्षांत त्या बाकावर फक्त शेतकरी बसले होते. गैबी पाय हलवत, हसत, कुठल्या कपाटात काय आहे ते सांगत राहिला. आकारामला वाटलं, या माणसानं चार शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

संध्याकाळी दोघं रंकाळ्याच्या काठावर जाऊन बसले. पाण्यावरून वारा येत होता, बायका धुणी आवरून परतत होत्या. गैबीनं खिशातून शेंगा-गूळ काढला आणि मग जुन्या गोष्टी निघाल्या. तशा त्या निघणारच होत्या.

काय दिवस होते ते! गैबी पागेतल्या नालबंदाचा मुलगा. बापाच्या मांडीवर घोड्याचा खूर असायचा, त्याच्याच शेजारी हे पोर वाढलं. आकाराम गडहिंग्लजजवळच्या शेतकऱ्याचा. दरबारनं दोघांना एकाच गाडीनं शिकायला धाडलं. त्या परगावी एक मराठा आणि एक मुसलमान अशा जोडीला खोली कोण देणार? तीन वाड्यांतून नकार घेतल्यावर कॉलेजच्या तबेल्यावरची माडी त्यांना मिळाली. खाली सोळा घोडी, वर हे दोघं. फळ्यांच्या फटींतून लिदीचा वास यायचा आणि थंडीत घोड्यांची ऊबही वर यायची. आकारामच्या आईकडून, तानाबाईकडून, भडंगाचा डबा यायचा. मोहरमात गैबीची आई इमामबी गुळाचे चोंगे पाठवायची आणि त्यातले निम्मे मोजून आकारामच्या नावानं वेगळ्या फडक्यात बांधायची. गैबी आकारामच्या वाटणीतलेही खायचा आणि आकाराम गैबीच्या वाटणीतले. हाडांची नावं पाठ करायची ती खाली घोड्यावर हात ठेवून. "ह्ये बग, हितं बोट घाल. कुठं आलास?" गैबी विचारायचा. चुकलं की घोडं मान वळवून बघायचं, आणि गैबी म्हणायचा, "बग, त्येला बी कळलं."

सगळं यायचं आकारामला. अडायचं एकाच ठिकाणी. चिरफाडीच्या टेबलावर मेलेली गाय ठेवली की त्याचा हात उचलत नसे. घरी ज्या गाईच्या कपाळाला आई रोज हळद-कुंकू लावते, तिच्या पोटाला सुरी कशी लावायची? बापानं निघताना सांगितलं होतं, आणखी काहीही कर, पण ते काम करून माझ्या उंबऱ्यात येऊ नकोस. त्यामुळं गैबी कापायचा आणि आकाराम शेजारी डोळे मिटून उभा राहायचा. वर्षभर हे चाललं. परीक्षेला मात्र शेजारी गैबी नव्हता, आणि आकाराम सुरी टेबलावर ठेवून बाहेर आला.

निकालाच्या दिवसासाठी प्रिन्सिपॉलांनी त्या कॉलेजात एक रीत घालून दिली होती. ते पडवीत उभे राहून नंबरवारीनं नावं वाचायचे. नाव आलं, की त्या विद्यार्थ्यानं स्वतः बरं केलेलं एक जनावर तबेल्यातून बाहेर काढायचं, सगळ्यांच्या देखत अंगणाला एक फेरी मारायची आणि मग पदवी घ्यायची. नापासांनी हौदापाशी पाण्याच्या बादल्या धरून उभं राहायचं, आलेल्या जनावराला पाणी दाखवायचं. पहिलं नाव गैबीचं आलं. तो एका लंगड्या तट्टाला घेऊन निघाला. ते तट्टू आता लंगडत नव्हतं. फेरी संपवून गैबी हौदाशी आला, तेव्हा समोर आकाराम बादली घेऊन उभा होता. गैबीनं स्वतः बादली धरली, तट्टाला पाणी पाजलं आणि मग पदवी घ्यायला गेला.

"पुढच्या दोन वर्सांत तू मला किती पत्रं लिवलीस रं?" रंकाळ्यावर आकारामनं विचारलं.

"कुणी मोजलीत? दर बाजारच्या दिवशी एक."

खरं होतं. गैबी कोल्हापुरात नोकरीला लागला, आणि दर आठवड्याला त्याचं पाकीट यायचं. त्यात कोळशानं काढलेली हाडं, सांधे, शिरा, आणि खाली दोन ओळी, 'ह्ये इचारत्यात. पाठ कर.' १९०० सालच्या दिवाळीला तर तो स्वतः आला. प्रिन्सिपॉलांकडून चिरफाडीच्या खोलीची किल्ली मागून घेतली, आकारामला टेबलापाशी उभा केला आणि म्हणाला, "ती मेलीया आक्या. आता ती तुला शिकवाय लागलीया. शिकून घे, न्हाईतर तुझ्या गोठ्यातली जिती गाय मरंल." त्यानं आकारामच्या हातावर आपला हात ठेवला आणि पहिला काप दोघांनी मिळून घेतला. आकाराम रडत होता. गैबीनं हात सोडला नाही.

आठवणी निघाल्या, शेंगा संपल्या आणि दोघं उठले. त्या दिवशी गैबी खूप हसला. आकाराम त्याच्याबरोबर हसत होता खरा, पण १९०१ सालची एक गोष्ट त्यानं काढली नाही. ती त्यानं आजवर कुणापाशीच काढली नव्हती.

मग रोजचं काम सुरू झालं. कागदोपत्री गैबी आता 'सलोत्री' झाला होता, म्हणजे जुन्या पद्धतीचा घोडेवैद्य. जनावर तपासायचं त्यानं, औषध सांगायचं त्यानं, सही मात्र आकारामनं करायची. पहिल्याच आठवड्यात पंचगंगेपलीकडचा एक शेतकरी बैलाच्या मरणाचा दाखला मागायला आला. गैबी त्याच्याबरोबर जाऊन बैल बघून आला, टेबलापाशी उभा राहिला, सवयीनं टाक दौतीत बुडवला आणि कागदावर न्यायच्या आधीच थांबला. मग त्यानं टाक उलटा धरून आकारामपुढं केला.

"घे. फऱ्या रोगानं मेलाय. लिव."

शेतकऱ्याला काही उमगलं नाही. तो गैबीलाच म्हणाला, "डॉक्टर, तुमीच करा की सही. ह्यो पावणा कोण?"

"ह्यो मोठा डॉक्टर," गैबी म्हणाला आणि बाहेर म्हशीकडं गेला.

आकारामनं सही केली. अशा सह्या त्यानं महिनाभर केल्या. गैबी दिवसभर हसतमुख असायचा, म्हणून आकारामला वाटायला लागलं होतं, की लेकाचा मनाला लावून घेत नसावा. हा गैरसमज अमीरबीनं काढला. ती गैबीची बायको. मोहरमात त्यांनी आकारामला जेवायला बोलावलं होतं. गैबी पाण्याची घागर आणायला बाहेर गेला, तेवढ्यात तिनं पडद्याआडूनच सांगितलं, "भावजी, ह्ये घरात एक शब्द बोलत न्हाईत. त्यो भिंतीवरचा कागद हुता न्हवं, त्यो काढून पेटीत घाटलाय. मी इचारलं तर म्हणाले, खोटा कागद भिंतीवर कशाला."

आकारामनं भिंतीकडं पाहिलं. चुन्यावर चौकोनी, पांढरी जागा राहिली होती आणि वर खिळा तसाच होता. हातातला चोंगा त्यानं परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं दरबारला अर्ज लिहिला. पहिल्या तुकडीचा, पहिल्या नंबरचा माणूस, बारा वर्षांची बिनडाग नोकरी, त्याची पदवी खास बाब म्हणून मान्य व्हावी. गैबी सही करायला तयार होईना.

"मी पास झालतो, आक्या. पास झालेल्यानं पास हाय म्हणून अर्ज करायचा?"

"माझ्यासाठी कर."

"तुझ्यासाठी काय काय करू रं?" गैबी म्हणाला. थट्टेत म्हणाला, आणि सही केली.

आठ दिवसांनी बोलावणं आलं ते गैबीला नाही, आकारामला. अर्ज ज्या चिटणिसांकडं होता ते वयस्कर, शांत आणि नियमाला पक्के गृहस्थ होते. त्यांच्यापुढं एक जाडजूड बाड होतं. कॉलेज प्लेगमध्ये बंद पडलं तेव्हा तिथलं दप्तर त्या संस्थानानं जपून ठेवलं होतं, आणि ते यांनी मागवून घेतलं होतं.

"चौगुले," ते म्हणाले, "कॉलेजनं १९०१ साली जुन्या पास विद्यार्थ्यांना एक संधी दिली होती. नव्या परीक्षेला येऊन बसा आणि नवी पदवी घेऊन जा. सहा जणांना कळवलं. पाच जण आले. जो कळवूनही आला नाही, त्याची पदवी मान्य करता येत नाही. नियम साफ आहे. ज्याला कळवलंच नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याचा विचार दरबार करू शकेल."

त्यांनी बाड फिरवून आकारामपुढं ठेवलं. प्रिन्सिपॉलांचं तिरपं अक्षर होतं. 'नालबंद, कोल्हापूर. सूचना विद्यार्थी चौगुले याचे हाती, पत्राने कळविण्यासाठी.'

"तुम्ही कळवलं होतं का?" चिटणिसांनी विचारलं. "जे असेल ते लिहून द्या. तुम्ही कळवलं असेल तर अर्ज इथंच संपला. आणि नसेल कळवलं..." त्यांनी बाड मिटलं. "तर मग तुमच्या सहीवर दरबारनं कितपत विश्वास ठेवावा, हाही प्रश्न निघेल. घाई नाही. उद्या सकाळी द्या."

आकाराम कचेरीतून निघाला तो भवानी मंडपाच्या दगडी पायरीवर जाऊन बसला. लोक येत-जात होते. त्याला ती १९०१ सालची सकाळ दिसत होती.

परीक्षेला महिना होता. प्रिन्सिपॉलांनी बोलावून सांगितलं, तुझ्या मित्राला लिही, त्याला म्हणावं येऊन जा, त्याला काहीच जड नाही. आकारामनं माडीवर जाऊन पत्र लिहिलं. पाकीट बंद केलं. आणि मग ते हातात घेऊन बसला. मनाशी म्हणाला, पहिल्या नंबरानं आलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बस म्हणायचं? अपमान वाटेल त्याला. त्याला काय गरज आहे? ही झाली स्वतःला सांगायची गोष्ट. खरी गोष्ट त्याच्या खाली होती आणि ती आकारामला तेव्हाही ठाऊक होती. गैबी आला, की पुन्हा पहिलं नाव गैबीचं. पुन्हा तो जनावर घेऊन पुढं, आणि आपण, पास झालो तरी, त्याच्या मागं. बघणारे म्हणणार, गैबीनं शिकवला म्हणून झाला. ते खरंच होतं, म्हणूनच ते ऐकायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, गैबी नसताना अंगणाला फेरी मारायची होती. पत्र त्यानं चुलीत घातलं आणि त्यावर चहा केला.

फेरी मारली त्यानं. एका तांबड्या कालवडीला घेऊन. मजा आली नाही. फेरीभर तो हौदाकडं बघत होता.

पायरीवर ऊन आलं तरी तो उठला नाही. त्याच्या मनात अनेक वाटा येऊन गेल्या. 'पत्र टाकलं होतं, टपालात गहाळ झालं असेल' असं लिहिलं तर? गैबीचंही काम होईल, आपलंही निभावेल, कुणाला कळणार नाही. अगदी सोयीची वाट होती. पण ती सुचल्याबरोबर त्याला स्वतःचीच किळस आली. अकरा वर्षं खोटं जपलं ते बोलायची वेळ आली नाही म्हणून. आता ते दरबारच्या कागदावर लिहायचं, आणि खाली ती सही करायची जी गैबीला करता येत नाही म्हणून आपल्याला बोलावलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोन ओळी लिहून दिल्या. 'सूचना मजकडे दिली होती. मी ती नालबंद यांस मुद्दाम कळवली नाही.' चिटणिसांनी 'मुद्दाम' या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा शब्द हवाच का?" आकाराम म्हणाला, "व्हय."

हुकूम यायला तीन आठवडे लागले. गैबी नालबंद यांची पदवी मूळच्या, म्हणजे १८९९ सालापासून मान्य. दवाखाना पूर्ववत त्यांच्याकडं. चौगुले यांस सक्त ताकीद आणि गडहिंग्लजच्या नव्या दवाखान्यावर बदली. हुकमासोबत कचेरीच्या शिस्तीप्रमाणं आधारासाठी जोडलेल्या कागदांच्या नकला होत्या. त्यात ती दोन ओळींची नक्कलही होती. आकारामला ही शिस्त ठाऊक नव्हती. गैबीला हुकूम तेवढा मिळेल आणि बाकीचं आपण आपल्या तोंडानं, सवडीनं, रंकाळ्यावर बसून सांगू, असं तो धरून चालला होता.

सकाळची वेळ होती. गैबी लिंबाखाली एका गाभण म्हशीला तपासत होता. गुंडूनं लखोटा आणून फोडून दिला आणि पहिल्याच ओळीला, "डॉक्टर, झालं की वो काम!" म्हणून नाचायच्या बेतात आला. गैबीनं एका हातानं कागद धरून वाचले. पहिला वाचला. हसला. दुसरा वाचला. मग पुन्हा वाचला. कागद घडी करून गुंडूकडं दिले आणि म्हशीकडं वळला. तिचं तपासणं त्यानं पुरं केलं, मालकाला काय खाऊ घालायचं, काय नाही, ते दोनदा समजावलं. हौदावर जाऊन हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, सावकाश.

आकाराम पडवीत उभा होता.

"गैब्या," तो म्हणाला, "पत्र लिवलंतं मी, आन् चुलीत घाटलं. तुला काय म्हणायचं आसंल ती म्हण. मार मला."

गैबी बाकावर बसला. सवयीनं बाकावरच.

"त्या महिन्यात मी कुठं हुतो, ठाव हाय तुला?" त्यानं विचारलं.

"कोल्हापुरात."

"न्हाई. तुझ्या गावाला. तुझ्या बाच्या गोठ्यात."

आकारामला कळेना.

"बुळकांडीची साथ आलती. गावची निम्मी जनावरं गेलती. तुझ्या आईनं माणूस धाडला, पोरगं परीक्षेत हाय, त्याला सांगू नगस, तूच ये. मी सतरा दिस तितंच हुतो. आजारी जनावरं येगळी बांधली, त्यांच्या खालचं गवत जाळलं, पेज पाजली. तुझ्या बाला पटंना, त्यो म्हणायचा बाहेरच्यानं गोठ्यात यायचं न्हाई. चौथ्या दिशी त्येनंच कंदील धरला. तुमची पाच वाचली, दोन गेली."

आकारामला आठवलं. पास होऊन घरी गेला तेव्हा आई म्हणाली होती, गैबी येऊन गेला, बरेच दिवस राहिला, गुणाचं पोरगं. आणि आपल्याला तेव्हा काय वाटलं होतं तेही आठवलं. वाटलं होतं, इथंही हा आपल्या आधी.

"तू कशापायी आलतास, ती आई कदी बोलली न्हाई," तो कसाबसा म्हणाला.

"मीच शपथ घाटलीती. तुला वाटलं आसतं, परीक्षा सोडून याय पायजे हुतं. तू तसलाच. पुना नापास झाला आसतास." गैबीनं ओले हात गुडघ्यावर पुसले. "तवा तुझं पत्र आलं आसतं तरी मी आलो नसतो. जनावरं टाकून कुठं येतोय? माझी पदवी तशीबी गेलीच आसती. त्यात तुझं काय न्हाई. ती मी तुला माफ केली."

आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पुढं सरकला, पण गैबीनं हात आडवा केला.

"थांब. माझं झालं न्हाई." त्याचा आवाज पहिल्यांदाच बदलला. "सतरा दिस तुझ्या गोठ्यात बसून मी तुझ्या आईला रोज काय इचारत हुतो सांगू? आक्याचं पत्र आलंय का. दोन वर्सं मी तुला दर बाजाराला लिवलं. तुझं एक बी आलं न्हाई. मी म्हणायचो, अभ्यासात आसंल. तू एकदाच पत्र लिवलंस माझ्या नावानं, आन् ती जाळलंस. मी आलो नसतोच, आक्या. पर पत्र यायला पायजे हुतं."

एवढं बोलून तो उठला. बाहेर आणखी दोन जनावरं येऊन उभी होती. गुंडूनं टाक आणि दौत आणून टेबलावर गैबीच्या बाजूला ठेवली. गैबी खुर्चीवर बसला, पुढचा दाखला ओढून घेतला आणि सही करू लागला. आकाराम पडवीत उभा राहून बघत होता, आणि गैबीनं वर पाहावं म्हणून वाट बघत होता.